तुर्कांचा लढा आणि आपली गल्लत

(कसबा पेठेतील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



विषय कळवला तेव्हा एका कार्यकर्त्याने फोनवर विचारलेच, "सर, तुर्कस्तान? आणि पेठेत?" विचारणे रास्तच होते. पण ही गोष्ट पेठेपासून वाटते तेवढी लांब नाही. कुंभारवेशीतून पायी निघालात तर अर्ध्या तासाच्या आत ससून रुग्णालय येते. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री येरवड्याच्या तुरुंगातून तिथे आणलेल्या एका कैद्यावर कर्नल मॅडॉक यांनी अपेंडिक्सची शस्त्रक्रिया केली. ऐन वेळी वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले. कैदी होते महात्मा गांधी. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना सोडले, पण अंगात त्राण नसल्यामुळे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांचा मुक्काम ससूनमध्येच होता. ३ मार्चला, म्हणजे गांधीजी पुण्यात असतानाच, अंकाऱ्याच्या राष्ट्रसभेने खिलाफत मोडीत काढली आणि दुसऱ्याच दिवशी शेवटच्या खलिफाला कुटुंबासह गाडीत बसवून देशाबाहेर पाठवले.

ज्या खलिफाच्या मानासाठी गांधीजींनी असहकार पुकारला, त्याची गादी इंग्रजांनी काढली नाही. ती तुर्कांनी काढली, आणि तीही ज्यांच्या विजयासाठी आपल्याकडे गल्लोगल्ली वर्गणी गोळा झाली त्याच तुर्कांनी. हे असे कसे झाले? मला आज सांगायचे आहे ते एवढेच, की तुर्कांचा स्वातंत्र्यलढा आपण डोळे भरून पाहिला, पण त्यात आपल्याला हवे तेवढेच पाहिले. पुण्याचे उदाहरण घेतले की हे चांगले दिसते, कारण या शहराचे तुर्कांशी एकाच दशकात दोन अगदी उलट्या प्रकारचे संबंध आले.

पहिला संबंध बंदुकीचा. १९१४ च्या नोव्हेंबरात इराकच्या दक्षिण टोकाला, फाओला, इंग्रजांची जी फौज उतरली ती सहावी डिव्हिजन. तिचे नावच 'पूना डिव्हिजन'. तिच्यात ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री, १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा या पलटणी होत्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे जिल्ह्यांतली ही पोरे. बसरा घेतले, शैबाची लढाई जिंकली, आणि जनरल टाउनशेंडला बगदाद दिसू लागले. नोव्हेंबर १९१५ मध्ये तेसिफॉनला तुर्कांनी त्याला असा काही अडवला की मागे फिरून त्याला कूत-अल-अमारा या तैग्रिसच्या वळणावरच्या गावात कोंडून घ्यावे लागले.

कूतचा वेढा १४७ दिवस चालला. सुटकेसाठी आलेली कुमक वाटेतच अडली आणि तिचेही हजारो लोक पडले. आत धान्य संपत आले, तेव्हा तोफा ओढणारी घोडी कापायला सुरुवात झाली. हिंदी शिपाई ते मांस खाईनात. हिंदू नाही, मुसलमान नाही. शेवटी हिंदुस्थानातल्या धर्माधिकाऱ्यांकडून परवानगीचे निरोप बिनतारी यंत्राने मागवले गेले. तरी कितीतरी जणांनी अखेरच्या आठवड्यांपर्यंत तोंड लावले नाही. गावी परत गेल्यावर जातीत घेतील का, पोरीबाळींची लग्ने होतील का, ही त्यांची भीती होती. हाडे वर आली, स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या, पण जात सुटली नाही. २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंड शरण गेला आणि सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती लागली. टाउनशेंडची सोय इस्तंबूलजवळच्या बेटावरच्या बंगल्यात झाली. शिपाई वाळवंटातून चालत गेले. कितीतरी रस्त्यातच मेले, उरलेले रास-अल-ऐनच्या बाजूला बगदाद रेल्वेच्या कामाला लावले गेले. कूत जिंकणाऱ्या हलील पाशाने पुढे तुर्कस्तानात आडनावाचा कायदा आला तेव्हा 'कूत' हेच आडनाव घेतले. आपल्याकडे सातारा-रत्नागिरीच्या काही गावांत, इथून इतके लोक महायुद्धाला गेले आणि इतके परत आले नाहीत, अशी संगमरवरी पाटी भिंतीत बसवलेली दिसते. कुठे, कोणाशी लढायला गेले, ते पाटीवर नसते.

या शिपायांचा पुढच्या कथेशी थेट संबंध आहे. ५ जानेवारी १९१८ ला इंग्लंडच्या पंतप्रधान लॉइड जॉर्जने जाहीर केले की तुर्कांची राजधानी किंवा आशिया मायनर आणि थ्रेसमधली तुर्क वस्तीची भूमी हिरावण्यासाठी आपण लढत नाही. दोन वर्षांनी पार्लमेंटात हे वचन निघाले, तेव्हा त्यानेच सांगून टाकले की त्या भाषणानंतर हिंदुस्थानातली शिपाईभरती वाढली. वचन कशासाठी दिले होते ते असे त्याच्याच तोंडून बाहेर पडले. खलिफाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या खिलाफतवाल्यांनी पुढे सरकारला हेच वचन पुन्हा पुन्हा ऐकवले, आणि ते चुकीचे नव्हते.

आता तिकडे वळू. ३० ऑक्टोबर १९१८ ला युद्धतहकुबी झाली आणि विजेत्यांनी ऑटोमन मुलूख वाटून घ्यायला सुरुवात केली. १५ मे १९१९ ला ग्रीक फौज इझमीरला उतरली. १९ मेला मुस्तफा केमाल नावाचा अडतीस वर्षांचा सेनापती काळ्या समुद्रावरच्या समसून बंदरात उतरला. गंमत म्हणजे त्याला सुलतानानेच पाठवले होते, उरलेल्या फौजांची शस्त्रे उतरवायला. त्याने नेमके उलटे केले. एर्झुरुम आणि सिवासला परिषदा भरवल्या, आणि जानेवारी १९२० मध्ये इस्तंबूलच्या शेवटच्या ऑटोमन संसदेने 'राष्ट्रीय करार' म्हणून ओळखला जाणारा ठराव संमत केला. हा ठराव आपल्याकडे फारसा कोणी वाचला नाही. वाचला असता तर पुढचा बराच गोंधळ टळला असता. त्यात अरब प्रदेशांचे भवितव्य तिथल्या लोकांनी मताने ठरवावे असे सरळ म्हटले आहे. म्हणजे मक्का-मदिना असलेल्या अरबस्तानावर खलिफाची सत्ता राहिली पाहिजे, ही हिंदुस्थानातली मुख्य मागणी. ती खुद्द तुर्कांच्या मागण्यांत नव्हती. त्यांना हवी होती तुर्क वस्तीची अखंड भूमी, आणि कारभारात व पैशात कोणाचा हात नको होता.

१६ मार्च १९२० ला दोस्तांनी इस्तंबूल उघडपणे ताब्यात घेतले. त्या शहरावर पहारा देणाऱ्या फौजेत हिंदी शिपाईही होते. २३ एप्रिलला अंकाऱ्यात नवी राष्ट्रसभा भरली. मधल्या काळात, ११ एप्रिलला, सुलतान-खलिफाच्या शेख-उल-इस्लामने, म्हणजे सर्वोच्च धर्माधिकाऱ्याने, फतवा काढला की हे बंडखोर काफिरांसारखे असून त्यांना मारणे हे कर्तव्य आहे. हा फतवा विमानांतून गावागावांवर टाकण्यात आला. अंकाऱ्याच्या मुफ्तीने अनातोलियातल्या दीडशेवर मुफ्तींच्या सह्या घेऊन उलट फतवा काढला: खलिफा शत्रूच्या कैदेत आहे, कैद्याच्या आज्ञेला अर्थ नाही. मे महिन्यात खलिफाच्या सरकारने केमालला देहान्ताची शिक्षा सुनावली. लेखिका हलिदे एदिब हिलाही तीच शिक्षा झाली. पुढे ती केमालच्या फौजेत हवालदार झाली आणि १९३५ मध्ये दिल्लीच्या जामियात येऊन व्याख्याने देऊन गेली.

मंडळी, इथे थोडे थांबू. खलिफा ज्याला फाशी द्यायला निघाला आहे, तो केमाल आपल्याकडच्या मिरवणुकांत खलिफाचा रक्षक म्हणून मिरवत होता. एकाच पताकेवर दोघांचा जयजयकार.

लढाया मी भराभर सांगतो, कारण त्या कोणत्याही इतिहासात मिळतात: १९२१ च्या जानेवारीत आणि मार्चअखेर इनोन्यूला ग्रीक दोनदा थोपवले गेले, ऑगस्ट-सप्टेंबरात साकार्या नदीकाठी बावीस दिवस झुंज झाली, २६ ऑगस्ट १९२२ ला मोठा हल्ला सुरू झाला आणि ९ सप्टेंबरला तुर्क घोडदळ इझमीरमध्ये शिरले. मला जास्त महत्त्वाची वाटते ती साकार्याच्या आधी ऑगस्ट १९२१ मध्ये केमालने काढलेली दहा फर्माने. प्रत्येक घराने अंगात घालायच्या कपड्यांचा एक जोड, मोज्यांचा एक जोड आणि पायताणाचा एक जोड द्यायचा. व्यापाऱ्यांनी कापड, कातडे, साबण, मेणबत्त्या अशा मालाचा चाळीस टक्के वाटा द्यायचा, किंमत मागाहून. ज्याच्याकडे गाडी असेल त्याने महिन्यातून एकदा शंभर किलोमीटर लष्करी माल फुकट वाहायचा.

या गाड्या म्हणजे बैलगाड्याच. भरीव लाकडी चाके, आरे नाहीत, कण्यासकट फिरणारी, मैलभरावरून करकर ऐकू येणारी. काळ्या समुद्रावरच्या इनेबोलू बंदरात जहाजांतून उतरलेल्या पेट्या आणि तोफगोळे कास्तामोनूच्या डोंगरातून सव्वातीनशे किलोमीटरहून जास्त वाट तुडवत अंकाऱ्याला पोचवायचे. पुरुष आघाडीवर, म्हणून कासरा बायांच्या हातात. दहा वर्षे आधी त्रिपोली, मग बाल्कन, मग महायुद्ध. घरातली तरणी माणसे आधीच गेलेली. अशा घरांकडून आणखी एक मोज्यांचा जोड मागायचा, आणि त्यांनी तो द्यायचा! तुर्कांचे स्वातंत्र्य आधी या जोडावर उभे राहिले, केमालची कर्तबगारी त्याच्यानंतर. आणि जहाजांतला मालही आकाशातून पडला नव्हता. त्यातला मोठा भाग रशियाच्या बोल्शेव्हिकांचा होता. मार्च १९२१ मध्ये मॉस्कोत तह झाला आणि बंदुकांबरोबर सोनेही आले. खलिफाची गादी राखायला लेनिनने सोने दिले असेल, असे आपल्या मौलानांना वाटले असेल तर त्याला इलाज नाही.

आता पुण्याचा दुसरा संबंध. लोकमान्य टिळक १९१९ मध्ये इंग्लंडात होते, तेव्हा त्यांनी पॅरिसच्या शांतता परिषदेच्या अध्यक्षाला, क्लेमांसोला, हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाची मागणी करणारे पत्र पाठवले होते. परिषदेला जायला त्यांना परवाना मिळाला नाही. म्हणजे अमेरिकेच्या अध्यक्ष विल्सनच्या स्वयंनिर्णयाच्या तत्त्वांवर विसंबून ज्यांची निराशा झाली त्यांत तुर्क आणि टिळक एकाच रांगेत होते. एप्रिल १९२० मध्ये टिळकांनी काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढला, त्यात खिलाफतीचा प्रश्न मुसलमानांच्या धर्मश्रद्धेप्रमाणे सुटावा अशी भूमिका आहे. टिळकांची मांडणी लक्षात घ्या: हा मुसलमानांचा प्रश्न, त्यांनी ठरवावे, आम्ही पाठीशी राहू. लखनौ करार करणाऱ्याची ही व्यवहारी चाल होती. गांधीजींनी हाच प्रश्न नैतिक धर्मयुद्धाच्या पातळीवर नेला. १ ऑगस्ट १९२० ला मध्यरात्रीनंतर मुंबईत टिळक गेले आणि त्याच दिवशी असहकार सुरू झाला. नऊ दिवसांनी सेव्ह्रचा तह झाला, ज्यात तुर्कांच्या वाट्याला अनातोलियाचा मधला तुकडा उरला.

खिलाफतीची सगळी पैशाची नाडी मुंबईत होती. मध्यवर्ती खिलाफत समितीचे अध्यक्ष शेठ छोटानी हे लाकडाचे बडे व्यापारी. महायुद्धात सरकारला लाकूड पुरवून त्यांचा धंदा वाढला होता. भायखळ्याचे खिलाफत हाउस अजून उभे आहे आणि ईदे-मिलादची मिरवणूक अजून तिथूनच निघते. स्मर्ना (म्हणजे इझमीर) फंड, अंगोरा (म्हणजे अंकारा) फंड अशा नावांनी पैसे गोळा झाले. बायकांनी अंगावरचे दागिने दिले. त्यातले लाखो रुपये तुर्कस्तानला न जाता शेठजींच्या धंद्यात अडकले हे १९२२-२३ मध्ये बाहेर आले, आणि भरपाई म्हणून त्यांनी लाकडाच्या गिरण्या समितीच्या नावे केल्या. फंड हा आपला फार जुना रोग आहे. पण जे पैसे पोचले ते पोचलेच.

त्या काळात पुण्याचे चित्र किती दुभंगलेले होते पाहा. १७ नोव्हेंबर १९२१ ला इंग्लंडचा युवराज मुंबईत उतरला. असहकार आणि खिलाफतवाल्यांच्या बहिष्काराचे दंगलीत रूपांतर झाले आणि पन्नासावर माणसे मेली. दोनच दिवसांनी तोच युवराज पुण्यात आला आणि शाहू छत्रपतींच्या पुढाकाराने शिवस्मारकाची, तशीच महायुद्धात पडलेल्या मराठ्यांच्या स्मारकाची कोनशिला त्याच्या हस्ते बसली. एकीकडे तुर्कांशी लढून मेलेल्यांचे स्मारक, दुसरीकडे तुर्कांसाठी बहिष्कार. एकाला राजनिष्ठ आणि दुसऱ्याला देशभक्त म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही. शाहू महाराजांना मराठ्यांसाठी लष्करातली जागा आणि मान हवा होता. खिलाफतीचे पुढारी असलेल्या अली बंधूंना मुसलमानांसाठी राजकारणातली जागा हवी होती. तुर्क दोघांनाही निमित्त होते.

खिलाफतीला विरोध करणारेही इथेच होते, आणि त्यांतले सावरकर तर १९२३ मध्ये गांधीजींप्रमाणेच येरवड्यात होते. गांधीजींच्या शस्त्रक्रियेच्या सहा दिवस आधी ते सुटले. परक्या देशातल्या धर्मपीठाला इथल्या राजकारणात आणणे धोक्याचे, हा त्यांच्यासारख्यांचा आक्षेप पुढच्या घटनांनी खोटा पाडला नाही. पण हे टीकाकारही तुर्कांकडे पाहत नव्हते. त्यांचे सगळे लक्ष इथल्या मुसलमानांकडे होते.

एका बाबतीत मात्र हिंदुस्थानच्या रेट्याचा उपयोग तुर्कांना खरोखर झाला. व्हाइसरॉय रीडिंगने लंडनला तार करून इस्तंबूल रिकामे करा, स्मर्ना तुर्कांना परत द्या असे सुचवले, आणि भारतमंत्री माँटेग्यूने ती मंत्रिमंडळाला न विचारता मार्च १९२२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यापायी त्याचे मंत्रिपद गेले. सप्टेंबरात दार्दानेल्सवरच्या चनाकपाशी इंग्रज आणि तुर्क समोरासमोर आले तेव्हा लॉइड जॉर्जला लढायला जवळजवळ कोणी साथीदार मिळेना. महिन्याभरात त्याचे सरकार पडले.

१ नोव्हेंबर १९२२ ला सुलतानपद रद्द झाले. १७ तारखेला सुलतान वहिदुद्दीन इंग्रजांच्याच युद्धनौकेवर बसून पळाला. आपल्याकडच्या खिलाफतवाल्यांनी यालाही अर्थ लावला: सुलतानपद नसलेला नवा खलिफा आता राजकारणातून मोकळा झाला, अधिक पवित्र झाला. नोव्हेंबर १९२३ मध्ये आगाखान आणि सय्यद अमीर अली यांनी लंडनहून तुर्कस्तानच्या पंतप्रधानाला, इस्मत पाशाला, पत्र लिहिले की खलिफाचा मान राखा. पत्र सरकारच्या हाती पडण्याआधीच इस्तंबूलच्या वर्तमानपत्रांत छापून आले. इंग्लंडात राहणारे, इंग्रज बादशहाचे प्रजाजन असलेले दोन हिंदी शिया गृहस्थ सुन्नी खलिफाची बाजू घेऊन आम्हाला शहाणपण शिकवतात, हे अंकाऱ्याला सहन होण्यासारखे नव्हते. पत्र छापणारे संपादक खटल्यात ओढले गेले, आणि तीन महिन्यांत खिलाफत संपली. आपल्या कळकळीने तिचा शेवट थोडा लवकर आणला, असे मी म्हणेन.

शेवटचा खलिफा अब्दुल मजीद फ्रान्समध्ये जाऊन राहिला. त्याची मुलगी दुर्रुशेवार १९३१ मध्ये निजामाच्या थोरल्या मुलाला दिली आणि ती हैदराबादची सून झाली. आपल्या मराठवाड्यात खुलताबादजवळ एक कबर आहे. निजामाने ती या खलिफासाठी बांधवून घेतली असे सांगतात. तो १९४४ मध्ये पॅरिसला वारला आणि दहा वर्षांनी मदिनेत पुरला गेला. खुलताबादची कबर रिकामीच राहिली.

पुण्यात यानंतर केमालचे दुसरे एक चित्र तयार झाले: फेज टोपी उतरवणारा, लिपी बदलणारा, बहुपत्नीत्व बंद करणारा. आपल्याकडच्या सुधारकांना हा केमाल फार आवडला. १९७० मध्ये हमीद दलवाई यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले तेव्हा त्यांच्याबद्दल बोलतानाही लोकांना केमाल आठवे. दलवाईंचे धैर्य मी केमालपेक्षा कमी मानत नाही. त्यांच्यामागे फौज नव्हती. पण सुधारकांच्या या चित्रातही १९१९ ते १९२३ ची पाच वर्षे जवळजवळ गाळलेली असतात. केमालला टोपीचा हुकूम काढता आला, कारण त्याआधी त्याने देश परत मिळवला होता.

आणि ज्यांना हा लढा निर्मळ वीरगाथा म्हणून हवा आहे त्यांनाही सांगायला हवे. तुर्क इझमीरमध्ये शिरल्यावर चारच दिवसांत शहराला आग लागली आणि ग्रीक व आर्मेनियन मोहल्ले जळून गेले. त्याआधी माघार घेणाऱ्या ग्रीक फौजेने तुर्क गावे जाळत नेली होती. १९१५ मध्ये आर्मेनियनांचा जो संहार झाला, त्याबद्दल नव्या प्रजासत्ताकाने तोंड उघडले नाही. जानेवारी १९२३ च्या करारान्वये सुमारे बारा लाख ख्रिस्ती तुर्कस्तानातून ग्रीसमध्ये आणि चार लाखांच्या आसपास मुसलमान उलट दिशेने गेले. बरेचसे आधीच पळाले होते. भाषा नाही, फक्त धर्म पाहून. पंचवीस वर्षांनी पंजाबात काय होणार याची ही रंगीत तालीमच होती. सेव्ह्रने कुर्दांना दिलेले आश्वासन त्याच्या जागी आलेल्या लोझानच्या तहात औषधालाही सापडत नाही.

लोझानच्या टेबलावर तुर्कांच्या समोर कोण बसला होता ठाऊक आहे? लॉर्ड कर्झन. वंगभंगवाला कर्झन, ज्याच्यावर 'केसरी'ने एकेकाळी रकानेच्या रकाने भरले. इस्मत पाशाला कमी ऐकू यायचे. कर्झनचे तासभराचे भाषण झाले की इस्मत आपला मूळ मुद्दा पुन्हा मांडे, जणू मधले काही कानावर पडलेच नाही. कर्झन कंटाळून फेब्रुवारीत निघून गेला. २४ जुलै १९२३ ला तह झाला आणि परकीयांचे व्यापारी हक्क, वेगळी न्यायालये, सवलती सगळ्या गेल्या. कर्झन म्हणाला होता, आज नाही म्हणता ते सगळे मी खिशात ठेवतो. उद्या पैसे मागायला याल तेव्हा एकेक काढून दाखवीन. हे इस्मतनेच पुढे सांगितले.

पैशाची ही धमकी तुर्कांनी मनावर घेतली. मुंबईहून पोचलेल्या खिलाफत फंडातली केमालकडे शिल्लक राहिलेली रक्कम त्याने २६ ऑगस्ट १९२४ ला निघालेल्या इश बँकेच्या भांडवलात घातली. खिलाफत जाऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. ही बँक आजही तुर्कस्तानातल्या मोठ्या बँकांपैकी एक आहे. ऑटोमन सुलतानांनी करून ठेवलेल्या कर्जाचा आपला वाटा मात्र नव्या तुर्कस्तानला फेडावा लागला. शेवटचा हप्ता १९५४ मध्ये गेला. केमालला जाऊन तोवर पंधरा वर्षांहून जास्त काळ लोटला होता.